शिकारीचं मटण, यात्रेचा बकरा आणि बर्फाची लादी

(या भागातलं बोलणं जसंच्या तसं उतरवलं आहे. वाचताना अडखळायला होऊ नये म्हणून काही वाक्यं थोडी सरळ केली आहेत.)

ताईंनी मला बोलवलं ते एका प्रश्नामुळे. मागच्या महिन्यात तलासरीकडच्या एका तरुण श्रोत्याने विचारलं होतं, "पूर्वी आपल्याकडे शिकार व्हायची, तेव्हा फ्रीज नव्हता, बर्फ नव्हता. मग एवढं मटण टिकवायचे कसे?" ताई म्हणाल्या, हे तुम्हीच सांगा. मी चारोटीजवळच्या पाड्यातला. वारली. पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. आयुष्य जनावरांत गेलं. जिवंत जनावरांत जास्त, पण मेलेल्या जनावरांतही कमी नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट मोकळेपणाने बोलतो, म्हणजे नंतर गैरसमज नको. शिकार आज बंद आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. ससा, भेकर, रानडुक्कर, सगळं त्यात आलं. मारलेलं जनावर त्या कायद्याने सरकारची मालमत्ता ठरतं, म्हणजे त्याचं मटणसुद्धा आपलं नाही. डुक्कर भाताची नासाडी करतं हे मला कोणी सांगायला नको, माझी स्वतःची खाचरं आहेत. त्यासाठी वनखात्याकडे लगेच अर्ज करायचा, पंचनामा करून घ्यायचा, भरपाई मिळते. उशिरा मिळते, पण मिळते. बांधावर विजेची तार सोडायची नाही. त्या तारेला डुक्कर लागायच्या आधी शेजारचा माणूस लागतो.

तर आजची गोष्ट दोन भागांत आहे. एक आज्याची, ती जुनी. दुसरी बकऱ्याची, ती आजची आणि तुमच्या कामाची. खरं तर दुसरी सांगायलाच मी आलोय.

आज्याच्या वेळी कायदा आला होता, पण पाड्यापर्यंत पोचायला त्याला वेळ लागला. मी सात-आठ वर्षांचा असेन. शिकार म्हणजे रोजची गोष्ट नव्हती बरं का. लोकांना वाटतं आदिवासी म्हणजे रोज धनुष्यबाण घेऊन फिरायचे. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी वारली चित्रं जगभर नेली, त्या चित्रांत शिकार दिसते तशी मासेमारी दिसते, भातलावणी दिसते, ताडावर चढणारा माणूस दिसतो. आमचं पोट भातावर आणि नागलीवर होतं. शिकार वर्षातून मोजून काही वेळा.

एकदा डुक्कर मिळालं होतं. मोठं. चार माणसांनी बांबूला बांधून आणलं. मला आठवतं ते हे की आज्याने घरापर्यंत यायची वाट बघितली नाही. ओढ्याच्या वरच्या बाजूला, मोहाच्या सावलीत, तिथेच पोट फाडलं. मी विचारलं घरी का नाही? तो म्हणाला, "घरी पोचेपर्यंत आतून शिजेल ते."

आतून शिजेल. हे वाक्य मी पुढे प्रशिक्षणात शिकलो तेव्हा समजलं. डुकराच्या अंगाचं तापमान जिवंतपणी साधारण ३९ अंश. मेल्यावर ते एकदम उतरत नाही. रक्त थांबतं, म्हणजे उष्णता बाहेर नेणारी व्यवस्थाच बंद पडते. वर जाड चामडी, खाली चरबी, म्हणजे गोधडी पांघरलेली. आणि पोटात अर्धवट पचलेलं अन्न, आतडी, त्यातले जंतू. ते जंतू जनावराबरोबर मरत नाहीत. त्यांना ती ऊब मानवते. म्हणून सगळ्यात आधी पोट मोकळं करायचं. आतडं फुटू द्यायचं नाही. फुटलंच तर त्याची घाण जिथे लागली तो भाग कापून टाकायचा, नुसता धुवायचा नाही.

मग आज्याने फासळ्यांच्या मध्ये बांबूची एक काडी आडवी अडकवली, पोट उघडं राहावं म्हणून. वारा आत जावा म्हणून. जनावर ओढ्यात बुडवलं नाही. ओढा चार पावलांवर होता, पाणी गार होतं, तरी नाही. पाण्याने वरची घाण आत जाते, आणि ओलं मटण लवकर खराब होतं. मांसाचा वरचा थर कोरडा झाला, हाताला किंचित चिकटसर पापडीसारखा लागला, की जंतूंना वाढायला अवघड जातं. माश्यांना अंडी घालायलाही तेवढी मजा येत नाही. माश्यांसाठी निरगुडीचे फाटे आजूबाजूला खोवले होते आणि बाजूला ओल्या पाल्याचा धूर केला होता. निरगुडी आम्ही धान्यातही घालतो किडीसाठी, तुम्हाला ठाऊक असेल.

मागच्या मांडीजवळ आज्याने सुरी खुब्याच्या हाडापर्यंत घातली आणि मांडी उघडली. का? कारण जनावर बाहेरून गार लागतं तेव्हाही खुब्याच्या हाडाजवळ ते ऊबदार असतं. मटण नेहमी वरून खराब होतं असं नाही. जाड जनावर हाडाजवळून आंबायला लागतं. बाहेरून लाल, छान, आणि कापल्यावर आत हिरवट आणि वास. जाडी दुप्पट झाली तर गार व्हायला वेळ दुप्पट नाही लागत, जवळजवळ चौपट लागतो. म्हणून सशाची कोणी काळजी करत नाही आणि डुकराची करावी लागते.

आणखी एक. आज्या म्हणायचा, जे जनावर खूप पळवून, दमवून मारलं त्याचं मटण टिकत नाही. मला ती अंधश्रद्धा वाटायची. तशी नाही. स्नायूंमध्ये साखरेसारखा एक साठा असतो, ग्लायकोजेन म्हणतात. जनावर शांतपणे मेलं तर तो साठा मेल्यानंतर आम्लात बदलतो आणि मांसाचा पीएच सातवरून साडेपाच-पावणेसहापर्यंत उतरतो. हे आम्ल म्हणजे मटणाचं स्वतःचं लोणच्याचं खार समजा, ते जंतूंना थोपवतं. जनावर धावून धावून तो साठा संपवून बसलं तर आम्ल तयारच होत नाही. मांस काळपट, चिकट राहतं आणि लवकर नासतं. बकऱ्यालाही हे लागू आहे, त्यावर येतो.

आता मूळ प्रश्नाचं उत्तर. टिकवायचे कसे? उत्तर ऐकून तुम्ही हसाल. टिकवायचेच नाहीत. वाटायचे. प्रत्येक चुलीला वाटा. ज्याच्या घरात पुरुष नाही त्या घरालाही वाटा, पळसाच्या पानात बांधून. संध्याकाळपर्यंत पाड्यातल्या सगळ्या चुली पेटलेल्या, रात्री मटण संपलेलं. आमचा फ्रीज म्हणजे शेजाऱ्यांची पोटं. थोडंफार उरलं तर त्याच्या बोटाएवढ्या पातळ पट्ट्या, मीठ-हळद लावून चुलीच्या वर बांबूच्या ताटीवर. धूर आणि ऊब, दोन्ही. पातळ म्हणजे पातळच, जाड तुकडा धुरावर टाकला तर वरून सुकतो आणि आत कुजतो. पावसाळ्यात तेही जमत नसे, हवेतच एवढा ओलावा.

समुद्राकडची मंडळी, डहाणू, झाई, तिकडचे आपले मांगेला-कोळी लोक, त्यांनी हेच सगळं माशात केलंय. बोंबील उन्हात बांबूवर टांगून. त्यावर ताईंनी वेगळा भाग करावा, तो माझा विषय नाही.

आता बकऱ्याकडे येतो.

तुम्हाला विवळवेढ्याची महालक्ष्मी माहीत आहे. चारोटी नाक्यावरून अगदी जवळ. चैत्र पौर्णिमेला यात्रा सुरू होते, पंधरा दिवस चालते. पालघर जिल्हाच काय, गुजरातेतून, दादरा-नगर हवेलीतून लोक येतात. आमच्या घरी नवस असला की बकरा. ऊन कसं असतं चैत्रात हे तुम्हाला सांगायला नको, आणि आमचं ऊन कोरडंही नाही, समुद्राचा दमटपणा त्यात.

२००९ ची यात्रा. आमच्या भावकीतला नवस होता. बकरा सकाळपासून टेम्पोत बांधून, गर्दीत, ढोल-ताशात, पाण्याशिवाय. घाबरलेला, दमलेला. कापला दुपारी दीडच्या सुमाराला. तुकडे करून, गरम गरम, पाच काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत भरले आणि गाठ मारली. पिशव्या एकावर एक, टेम्पोच्या कोपऱ्यात, ताडपत्रीखाली. मग दर्शनाची रांग, मग पाळणे, मग हायवेवरची गाड्यांची रांग. घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. रात्री आठला चूल पेटली.

मी तिथे होतो. खात्याची नोकरी होती माझी, बकरा कसा कापावा हे शिकवायला मी गावोगाव जायचो. पिशवीला हात लावला तेव्हा ती कोमट होती. मला कळलं होतं. पण नवस मोठ्या काकांचा, माणसं सगळी वयाने वडील, आणि मी तोंड उघडलं असतं तर "साहेब आला शिकवायला" असं झालं असतं. मी गप्प बसलो. मनात म्हटलं, उकळणारच आहेत, उकळलं की मरतं सगळं.

पहाटे तीनपासून उलट्या-जुलाब. बारा माणसं. त्यात माझ्या पुतणीची मुलगी, चार वर्षांची. सरकारी दवाखान्यात नेली तेव्हा तिचे डोळे आत गेले होते, शीर सापडत नव्हती. दोन दिवस सलाईन. वाचली. मी त्या दोन दिवसांत काकांना काही बोललो नाही आणि त्यांनीही मला काही विचारलं नाही. पुतणीने मात्र विचारलं. म्हणाली, "काका, तुम्हाला माहीत होतं ना?" मी हो म्हटलं.

नेमका कुठला जंतू ते तपासलं गेलं नाही, त्यामुळे मी नाव घेणार नाही. पण "उकळलं की मरतं" हे अर्धंच खरं आहे, ते सांगतो. जंतू मरतात. पण काही जंतू वाढताना विष तयार करून ठेवतात, आणि त्यातलं काही विष तासभर उकळूनही जात नाही. काहींची बीजं असतात, ती उकळण्यात टिकतात आणि रस्सा कोमट झाला की पुन्हा उगवतात. म्हणून रात्रीचा मोठा टोप झाकून चुलीच्या निखाऱ्यावर सकाळपर्यंत ठेवणं, हे आमच्याकडे सर्रास चालतं, तेही तेवढंच वाईट. उरला रस्सा तर लहान पसरट भांड्यांत काढून लवकर गार करा, नाहीतर उकळता ठेवा. मधलं काही नको.

आकडा सांगतो. मनासारखी ऊब मिळाली तर काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. तासात तीन वेळा दुप्पट. सहा तासांत अठरा वेळा. एकाचे अडीच लाखांवर जातात. आमच्या पिशव्या साडेसहा तास बांधलेल्या होत्या.

तेव्हापासून आमच्या भावकीत बकरा कसा होतो ते सांगतो. काकांनी पुढच्या वर्षी स्वतःच मला म्हटलं, "तू कर." एवढंच.

बकरा आदल्या रात्रीपासून उपाशी, पण पाणी भरपूर. सावलीत, ढोलापासून लांब. पोट रिकामं असलं की आतडं फुटायची भीती कमी. कापायचा पहाटे, उजाडता उजाडता, तेव्हा चारोटीतही हवा बरी असते. रक्त पूर्ण जाऊ द्यायचं, उलटा टांगून. टांगल्याशिवाय जमिनीवर सोलायचा नाही, माती आणि केस मटणाला लागतात आणि घाण तिथूनच येते. अर्ध्या तासाच्या आत पोट मोकळं. काळीज, फुप्फुस, वजडी वेगळ्या भांड्यात, मटणात मिसळायचं नाही, आणि ते त्याच सकाळी शिजवून खाऊन टाकायचं. ते सगळ्यात आधी नासतं. आणि हो, काळजावर पांढरे फोड, गाठी, पाण्याच्या पिशव्या दिसल्या तर ते फेकू नका कुत्र्याला. कुत्र्याच्या पोटातून ते जंत पुन्हा माणसात येतात. जाळा किंवा खोल पुरा.

मग बारीक तुकडे लगेच करायचे नाहीत. इथे सगळे चुकतात. तुकडे केले की सुरी लागलेली जागा वाढते, हात लागलेली जागा वाढते. चार मोठे भाग करा, मांड्या, खांदे, आणि सावलीत वाऱ्यावर टांगा. वर स्वच्छ पातळ धोतर, माश्यांसाठी. मटणाला चिकटू देऊ नका. पहाटेच्या गारव्यात असं तास-दोन तास चालतं आणि त्याचा फायदाही आहे, मटण आखडायच्या आधीच एकदम बर्फात घातलं तर स्नायू आवळतो आणि मटण चिवट होतं. पण दुपारी कापायची वेळ आलीच तर ही चैन नको. सरळ बर्फात. चिवट मटण चावता येतं.

बर्फ किती? याचा हिशोब मी कागदावर मांडला होता, वाचून दाखवतो. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता ओढतो, तेवढ्यात साधारण पावणेतीन किलो मटण ३८ अंशांवरून ४ अंशांवर येतं. म्हणजे दहा किलोच्या मटणाला साडेतीन-चार किलो बर्फ. हे कागदावर. टेम्पोत, चैत्रात, दर अर्ध्या तासाला कोणीतरी झाकण उघडून बघणार, तिथे मटणाइतकाच बर्फ घ्या. दहाला दहा. लादी डहाणूकडून आणतो, मासळीचा धंदा असल्यामुळे तिकडे बर्फ मिळतो. पोत्यात गुंडाळून आणायची आणि फोडायची. अख्खी लादी मटणाला एकाच बाजूने टेकते, चुरा सगळीकडून टेकतो.

थर्माकोलचा मासळीचा डबा असतो तो घ्यायचा, नीट धुऊन. तळाला बर्फ, मग मटण, मग बर्फ. मटण जाड प्लास्टिकच्या स्वच्छ पिशवीत, पण पिशव्या चपट्या, दोन-दोन किलोच्या, बोटभर-दोन बोटं जाडीच्या. गोळा करून भरू नका. खाली एक भोक, बुच लावलेलं, पाणी अधूनमधून काढायला. वितळलेल्या पाण्यात मटण पोहायला लागलं की रंग जातो, चव जाते आणि एका पिशवीची घाण सगळ्यांना लागते. बाजारातला लादीचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असं नाही, म्हणून तो मटणाला थेट लावायचा नाही.

फ्रीज आहे ना घरी, असं हल्ली सगळे म्हणतात. घरचा फ्रीज थंड ठेवायला असतो, थंड करायला नाही. दहा किलो गरम मटणाचा गोळा त्यात कोंबला तर दुसऱ्या दिवशी सकाळीही त्याचा मधला भाग कोमट असतो, आणि वर दूध-दही तापतं ते वेगळंच. त्यातून आमच्याकडे पावसाळी वीज. आधी बर्फात गार करा, मग फ्रीजमध्ये, तेही पसरून.

गार केल्याने काय होत नाही, तेही ऐका. आजारी जनावर निरोगी होत नाही. मेलेलं सापडलेलं जनावर, रानातलं असो की गोठ्यातलं, कितीही बर्फात घाला, खायचं नाही. अचानक मेलेलं, नाका-तोंडातून काळं रक्त आलेलं जनावर दिसलं तर सुरीच लावायची नाही, तो फाशी रोग असू शकतो. त्याला उघडलं की रोग हवेत आणि मातीत पसरतो, आणि त्या मातीत वर्षानुवर्षं राहतो. तसं दिसलं तर पशुवैद्यकीय दवाखान्याला फोन. माझ्या नोकरीत मी सगळ्यात जास्त भांडलो असेन ते यावरून. गरीब माणसाची गाय मेली, त्याला वाटतं निदान मटण तरी मिळावं. राग येत नाही त्याचा. पण हात धरावा लागतो.

श्रोत्याचा अजून एक उपप्रश्न होता, की मग आज्याचं सगळं ज्ञान वाया गेलं का? मला नाही वाटत. सावली, वारा, पोट लवकर मोकळं करणं, पाण्यापासून लांब, जाड भाग उघडणं, जनावर दमवायचं नाही, हे सगळं मी बकऱ्यावर आज्याकडूनच घेतलं. बर्फ तेवढा माझा. आणि वाटण्याची पद्धत आम्ही पुन्हा सुरू केली. पूर्वी नवसाचा बकरा आम्ही अख्खा घरी न्यायचो. आता निम्मा तिथेच, यात्रेच्या माळावरच चुली मांडून दहा वाजेपर्यंत खाऊन टाकतो. ओळखीचं कोणी दिसलं की बसवतो पंगतीला. तुम्ही आलात तर तुम्हालाही. उरलेला डब्यात जातो.

ती चार वर्षांची मुलगी आता कॉलेजात आहे. डब्याचं काम तिच्याकडे असतं. मी तिला मटणात खुपसायचा थर्मामीटर आणून दिलाय, साधा, काट्याचा. गेल्या यात्रेला निघताना तिने मांडीत घातला तर ११ अंश दाखवत होता. काका टेम्पोत बसून हॉर्न वाजवत होते, ऊन चढतंय म्हणून. ती म्हणाली, पाचच्या खाली आल्याशिवाय गाडी निघणार नाही, अजून बर्फ आणा. काका उतरले आणि बर्फ आणायला गेले. ऐंशीच्या पुढे आहेत ते.

बस, एवढंच होतं. प्रश्न असतील तर ताईंकडे पाठवा. जनावराच्या आजाराचं असेल तर मला विचारू नका, जवळच्या दवाखान्यात जा, मी आता फक्त बकरे मोजतो. नमस्कार.